दारापुढचं अंगण कोणाचं? सोसायटीचे नियम समजून घेऊया



मागे गटाच्या बैठकीत एका ताईंनी आपली अडचण मांडली. शेतातलं घर सोडून त्या आळेफाट्याला रो-हाउसमध्ये राहायला आल्या. येताना तुळशीचं रोप, कढीपत्ता आणि घेवड्याचं बी सोबत आणलं. दारापुढच्या पट्टीत दोन वाफे केले, विटा रचून तुळशी वृंदावन बांधलं. वर्षभर घरची भाजी खाल्ली. मग एक दिवस सोसायटीची नोटीस आली. वाफे मोडा, वृंदावन काढा, नाहीतर दंड भरा. ताई म्हणाल्या, "दार माझं, मग दारापुढचं अंगण माझं कसं नाही?"

हा प्रश्न आता एकीचा राहिलेला नाही. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते मिळतात. बाजार, शाळा, दवाखाने जवळ म्हणून आसपासच्या गावांतली कुटुंबं इथल्या सोसायट्यांत घर घेतात. गावात अंगण सारवताना कोणाला विचारावं लागत नव्हतं. सोसायटीत विचारावं लागतं. म्हणून आज हे नियम नीट समजून घेऊया.

आधी जागा कोणाची ते पाहा

दारापुढची जागा तीन प्रकारची असू शकते. पहिली, तुमच्या खरेदीखतात आणि नकाशात तुमच्या नावे दाखवलेली. दुसरी, सोसायटीची सामाईक, म्हणजे सगळ्या सभासदांची. तिसरी, रस्त्याची, म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा सरकारची. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. फरक फक्त कागदावर कळतो. त्यामुळे कुदळ हातात घेण्याआधी खरेदीखत आणि मंजूर नकाशा काढा. आपली हद्द कुठे संपते, ते जाणकाराकडून समजून घ्या.

स्वतंत्र घर असेल तर सोसायटीचा प्रश्न येत नाही. पण कुंपण रस्त्यावर सरकलं, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार ग्रामपंचायत ते अतिक्रमण काढू शकते.

सोसायटीचा नियम म्हणजे काय?

आपल्या राज्यातल्या गृहनिर्माण संस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालतात. प्रत्येक संस्थेचे नोंदणी झालेले उपविधी असतात. उपविधी म्हणजे त्या सोसायटीची नियमांची वही. सरकारने नमुना म्हणून आदर्श उपविधी दिलेले आहेत आणि बहुतेक सोसायट्या तेच स्वीकारतात.

त्यात एक कलम थेट आपल्या विषयाचं आहे. घरासमोरची किंवा घराभोवतीची सामाईक जागा सभासदाने अडवली, तर ती रिकामी करावी लागते. शिवाय जितके महिने अडवली, तितक्या महिन्यांसाठी दरमहा देखभाल वर्गणीच्या पाचपट रक्कम भरावी लागते. हिशोब करून पाहा. वर्गणी महिना 500 रुपये असेल, तर महिन्याला 2,500 आणि वर्षाला 30,000 रुपये होतात. दोन वाफ्यांची भाजी मग फारच महाग पडते. तुमच्या सोसायटीच्या उपविधीत हे कलम आहे का, ते आधी वाचा.

पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अध्यक्ष तोंडी म्हणाले म्हणून तो नियम होत नाही. तो उपविधीत असावा लागतो किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात असावा लागतो. उपविधी आणि सभेचं इतिवृत्त पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. कायद्यानुसार ते विनाशुल्क पाहता येतात. दंड लावण्याआधी लेखी नोटीस मिळाली पाहिजे आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे.

नियम नुसता जाच नसतो

आपल्या जुन्नर तालुक्यात तर अंगणाच्या नियमाला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे बिबट्या. उसाच्या पट्ट्यात बिबट्या घरापर्यंत येतो. दाट कुंपण, वाढलेलं गवत, अंधारा कोपरा म्हणजे त्याला लपायला आयतीच जागा. म्हणून दारापुढे झाडं लावताना ती बुटकी आणि विरळ ठेवा. घराभोवतीचं गवत काढा, रात्री दिवा असू द्या. कोंबड्या, शेळ्या, कुत्री रात्री बंदिस्त ठेवा, कारण तो त्यांच्या शोधात येतो. उरलेलं अन्न अंगणात टाकू नका, त्याने कुत्री जमतात. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. सोसायटीने दाट झुडपांना मनाई केली असेल, तर तो नियम आपल्याच लेकरांसाठी आहे.

झाड तोडण्याचंही तसंच. दारातला आंबा, चिंच, फणस किंवा जांभूळ आपल्या मनाने तोडता येत नाही. त्यासाठी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. सोसायटीने ठराव केला तरी ती परवानगी चुकत नाही.

नियम बदलता येतात

आपली काही मुलं-मुली अमेरिकेत आहेत. तिथेही घरमालकांचे संघ असतात आणि दारापुढची हिरवळ कशी राखायची, हे संघ ठरवतो. 2014 साली कॅलिफोर्निया राज्यात मोठा दुष्काळ होता. लोकांनी गवताला पाणी घालणं थांबवलं, तर काही संघ वाळलेल्या गवताबद्दल दंड मागू लागले. तेव्हा राज्याने कायदाच केला की दुष्काळाच्या आणीबाणीत असा दंड करता येणार नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या बायांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको. तुमच्या सोसायटीत शोभेच्या हिरवळीवर पाणी जात असेल, तर तो प्रश्न सभेत मांडा.

वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची सूचना 14 दिवस आधी मिळावी लागते. तेवढी वाट पाहायची नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर विशेष सभा बोलवावी लागते. पन्नास घरं असतील, तर दहा सह्या पुरतात. आणि व्यवस्थापक समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या भरा, रिकाम्या ठेवू नका.

मत कोणाचं?

इथेच खरी गोम आहे. अंगणाला पाणी बाई घालते, पण भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव बहुतेक घरात पुरुषाचं असतं. भागपत्रावर नाव नसेल तर सभेत मत नाही. यावर दोन वाटा आहेत. घर घेतानाच दोघांच्या नावे घ्या. ते राहून गेलं असेल, तर सभासदाच्या लेखी शिफारशीने पत्नी, आई, मुलगी किंवा सून सहयोगी सभासद होऊ शकते. मग मूळ सभासदाच्या लेखी संमतीने तिला त्याच्या जागी सभेत बसता येतं आणि मतही देता येतं. अर्ज एका पानाचा असतो. तो आजच करा.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

आम्ही त्यांच्यासोबत बसून कागद वाचले. पट्टी सामाईकच निघाली. म्हणजे नोटीस चुकीची नव्हती, हे ताईंनी मान्य केलं. वृंदावन त्यांनी स्वतः उतरवलं आणि तुळस कुंडीत लावून आपल्या पायरीवर आणली. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. मालकांच्या शिफारशीने सहयोगी सभासद झाल्या. दहा-बारा घरांच्या सह्या घेऊन त्यांनी सभेत अर्ज ठेवला, की मागच्या मोकळ्या जागेच्या एका कोपऱ्यात सगळ्यांची मिळून परसबाग करू द्या. वाफे बुटके ठेवू, पाणी सांडपाण्याचं वापरू, देखभाल आळीपाळीने करू. सभेने एका वर्षासाठी होकार दिला. निम्मीच जागा मिळाली, पण ती ठरावाने मिळाली. आता ती कोणी तोंडी काढून घेऊ शकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरातलं भागपत्र काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते पाहा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू. नमस्कार!