लॅपटॉप सुरू होताच का रेंगाळतो?

शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालये यांच्या दैनंदिन कामकाजात आज लॅपटॉपला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. सकाळी यंत्र चालू करावे, पडदा उजळावा, सर्व चिन्हे जागच्या जागी दिसावीत, पण बाण हलू नये आणि दाबलेली कळ बऱ्याच वेळाने उमटावी, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ समोर तिष्ठत असतो. अशा वेळी काहीजण अधीर होऊन बटण दाबून धरतात व यंत्र बळाने बंद करतात. काहीजण नव्या यंत्राची मागणी नोंदवितात. बहुतेक वेळा या दोहोंचीही आवश्यकता नसते.

विलंबाचे कारण

विंडोज प्रणालीत पडदा दिसू लागला म्हणजे सर्व तयारी पूर्ण झाली, असे नव्हे. विषाणुरोधक प्रोग्रॅमची तपासणी, नव्या सुधारणांचा शोध, संदेशांची देवाणघेवाण करणारे प्रोग्रॅम ही कामे त्यानंतरच एकदम सुरू होतात. काही सेवा तर सुमारे दोन मिनिटे उशिराच सुरू व्हाव्यात, अशी मुळात योजना असते. रास्त भावाच्या दुकानाचे दार उघडताच सारा गाव एकाच खिडकीपाशी लोटावा, तसा हा प्रकार होय.

ही खिडकी म्हणजे बहुधा साठवणीची डिस्क. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणाऱ्या शीर्षाला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला सुमारे शंभरच वाचू शकते. एसएसडी या साठवणीत हलणारा भागच नसल्याने ती अशा हजारो नोंदी वाचते.

तपासणी व उपाय

प्रथम तीन-चार दिवस घड्याळ लावून विलंब मोजावा. तो दोन-तीन मिनिटांत आपोआप सरत असेल, तर चिंतेचे कारण नाही. त्याहून अधिक असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी व डिस्क यांपैकी कोणता आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ आहे, ते पाहावे. अडचण नेमकी कोठे आहे, हे त्यावरून कळते.

त्याच ठिकाणी ‘स्टार्टअप’ विभागात आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. अनावश्यक नावापुढे ‘डिसेबल’ निवडावे. त्यामुळे तो प्रोग्रॅम नष्ट होत नाही, केवळ आपोआप सुरू होत नाही. विषाणुरोधक प्रोग्रॅमला मात्र हात लावू नये. तसेच एका वेळी एक-दोनच बदल करावेत.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवण्याची सोय आहे. म्हणून यंत्र खऱ्या अर्थाने नव्याने सुरू करण्यासाठी अधूनमधून ‘रीस्टार्ट’ करणे हितावह ठरते.

एवढे करूनही डिस्कचा आकडा उतरत नसेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा सर्वांत गुणकारी उपाय होय. मेमरी अपुरी असल्यास रॅम वाढवावी. परंतु सर्वच लॅपटॉपमध्ये ती वाढविता येत नाही, याची आधी खात्री करावी. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुधारणासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. तेव्हा यंत्र विंडोज ११ साठी योग्य आहे किंवा नाही, हे पाहूनच खर्चाचा निर्णय घ्यावा.

सावधगिरीचा इशारा

डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, फायली न उघडणे, विलंब दिवसेंदिवस वाढत जाणे ही चिन्हे निराळी होत. अशा वेळी दुरुस्तीपूर्वी गुणपत्रके, नोंदवह्या व पत्रव्यवहार यांची प्रत दुसऱ्या साधनावर काढून ठेवावी. यंत्र बळाने बंद केल्यास त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते, हेही ध्यानी ठेवावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. हरवलेली नोंद पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून कार्यालय उघडताच लॅपटॉप सुरू करून त्यास दोन मिनिटांची उसंत द्यावी आणि मगच कामास प्रारंभ करावा.