तीन मिलिमीटरचा फरक

वॉटर कूलिंग बसवताना पाणी कुठेच दिसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात खोक्यातून बाहेर येतो एक रेडिएटर, त्याला जोडलेल्या दोन काळ्या रबरी नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला मुठीत मावेल एवढा पंप. आतला द्रव कारखान्यातच भरून सील केलेला. बाजारात याला ‘एआयओ’, म्हणजे ‘ऑल इन वन’, म्हणतात.

जोडणारा मुलगा आधी मदरबोर्डच्या पाठीला बॅकप्लेट लावतो. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवतो आणि पंपाच्या तांब्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म सोलून काढतो. ही फिल्म राहून गेली, तर बाकी सगळं नीट असूनही प्रोसेसर तापतो. मग चार स्क्रू तिरके, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, थोडे थोडे आवळायचे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला जातो. पंप हा सगळ्यात उंच भाग असता कामा नये, कारण आत उरलेली हवा वर चढते. ती पंपात साठली की पंप गुळगुळ आवाज करतो आणि लवकर झिजतो. शेवटी ग्राहकाला सूचना मिळते, “सर, पंखे हवे तेव्हा बदला. पंप मात्र उघडायचा नाही.”

एवढा खटाटोप कशासाठी? १९९३च्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरला जेमतेम १५-१६ वॉट लागत. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, आणि ही सगळी उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर काढायची असते. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तीन हजारांहून अधिक पट उष्णता लागते. त्यामुळे बारीक नळीतून वाहणारं थोडं पाणीही पुष्कळ उष्णता वाहून नेतं. मात्र पाणी ती फक्त हलवतं. सोडावी लागते शेवटी खोलीतल्या हवेतच. नागपूरच्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असेल, तर कुठलाही रेडिएटर द्रव ४० च्या खाली नेणार नाही. ६५ वॉटच्या साध्या प्रोसेसरला हवेने थंड करणारा दोन-अडीच हजारांचा टॉवर कूलर पुरतो, हे प्रामाणिक दुकानदार स्वतःहून सांगतो.

पूर्वी वॉटर कूलिंग हा फक्त हौशी लोकांचा उद्योग होता. पंप, टाकी, ब्लॉक, रेडिएटर सगळं सुटं घेऊन ‘लूप’ स्वतः जोडायचा, नळ्या कापायच्या, सांध्यांखाली टिश्यू पेपर अंथरायचा, आणि मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप तासन्‌तास चालवून गळती शोधायची. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या २.५ गिगाहर्ट्‌झच्या मॉडेलमध्ये द्रवशीतन दिलं, पण ते महागड्या यंत्रापुरतं राहिलं. सामान्य ग्राहकापर्यंत ते पोहोचवलं डेन्मार्कच्या आसेटेक या कंपनीच्या रचनेने. पंप थेट तांब्याच्या तळावर बसवून दोन्हींचा एकच भाग केला, की सांधे कमी होतात. सांधे कमी झाले की गळतीच्या जागा घटतात, जुळणीही सोपी होते. २००९ मध्ये कोर्सेअर कंपनीने याच रचनेवरचा एच५० हा कूलर विकायला काढला. पुढे या रचनेच्या पेटंटवरून खटले झाले. २०१४ मध्ये अमेरिकेत ज्युरीने कूलर मास्टरशी संबंधित कंपनीविरुद्ध आसेटेकच्या बाजूने कौल दिला. हे पेटंट टाळायला काही उत्पादकांनी पंप वेगळीकडे ठेवला, कुणी रेडिएटरमध्ये, कुणी नळीच्या मधोमध. आज २४० मिलिमीटर रेडिएटरचा एआयओ साधारण पाच-सहा हजारांत मिळतो.

स्वस्ताईची किंमत धातूंमध्ये दिसते. तळ तांब्याचा, रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम गंजू लागतं, म्हणून द्रवात ग्लायकॉल आणि गंजरोधक घालतात. ही अडचण टाळायला स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने २०१७ मध्ये सगळे भाग अ‍ॅल्युमिनियमचेच ठेवून सुट्या लूपचा स्वस्त संच काढला होता. तांब्याचा तळ असलेल्या यंत्रणेत बोअरचं पाणी ओतणं म्हणजे आजार विकत घेणं. डेझर्ट कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो, तोच इथे तांब्याच्या केसासारख्या बारीक खाचांत बसेल.

आता प्रश्न प्रमाणीकरणाचा, म्हणजे एका कंपनीचा भाग दुसरीच्या भागाला बसतो का याचा. पंख्यांच्या बाबतीत तो सुटला आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर, प्लग चार पिनांचा. पंखा कुठल्याही कंपनीचा असो, बसतो. प्रोसेसरपाशी मात्र गाडी अडते. प्रोसेसर ज्यात बसतो त्या इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिलिमीटरवर होती. २०२१ मध्ये एलजीए १७०० आलं आणि ती ७८ वर गेली. तीन मिलिमीटरच्या फरकाने धडधाकट कूलरांना नव्या पट्ट्या लागल्या. ज्यांच्या कंपनीने पट्टी दिली त्यांचं निभावलं, बाकीच्यांचे कूलर अडगळीत गेले. एएमडीने एएम४ वरून एएम५ वर जाताना जुनी मापं सांभाळली, म्हणजे हे अशक्य नाही.

दुसरी अडचण सील केलेल्या पंपाचीच. याच सीलमुळे कूलर स्वस्त झाला, आणि याच सीलमुळे पंप बंद पडला की चांगला रेडिएटरही भंगारात जातो. नळीतून द्रव वर्षानुवर्षं किंचित झिरपून उडत राहतो, पण तो भरायला बहुतेकांत झाकणच नसतं. जर्मनीच्या अल्फाकूलच्या आइसबेअर मालिकेत झाकण आहे आणि सुट्या लूपमध्ये रुळलेले जी-१/४ आट्यांचे जोडही आहेत. तिथे एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

म्हणून एआयओ घेताना पंपावरच्या दिव्यांची चौकशी नंतर करावी. पुढच्या सॉकेटची पट्टी मिळेल का, द्रव भरता येईल का, पंप सुटा मिळतो का, हे आधी विचारावं. पाच हजारांचा कूलर दोन प्रोसेसरांना पुरला तर तो स्वस्त. एकाबरोबरच गेला तर टॉवर कूलरच बरा होता.