सेल्फ मारलासा काय?

खंबाटकीचा घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी नुसती गप्प झाली. धूर नाही, खडखडाट नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी. टीव्ही बंद केल्यावर घर जसं एकदम मोठं वाटतं, तसा घाट मोठा वाटायला लागला. कडेला घेऊन चाकामागे दगड लावला आणि आमच्या पिढीतला कुणीही करील तेच केलं. चावी फिरवली. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरलं. म्हटलं, बॅटरी दमदार आहे, होईल चालू. पुन्हा फिरवली. पुन्हा.

टोचन करून गाडी सुरूर फाट्याजवळच्या गॅरेजात आणली. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, “सेल्फ मारलासा काय?”

“चार-पाच वेळा.”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “मग आता हेड उतरवूनच बघाय लागतंय.”

टायमिंग बेल्ट तुटला होता. त्यानंतर मी जे केलं, त्याने उरलंसुरलं नुकसान केलं की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

दातेरी पट्टा

पिठाच्या गिरणीचा पट्टा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो घसरला तर जातं थांबतं, डब्यात गहू तसाच राहतो, एवढंच. टायमिंग बेल्टला ही सवलत नाही. म्हणून त्याला आतून दात असतात. हा रबराचा, पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असलेला पट्टा खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या कॅमशाफ्टशी बांधून ठेवतो. क्रँक पिस्टन वरखाली करतो. कॅम व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी दारं, उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो.

बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. पट्टा तुटला की कॅम थबकतो, काही दारं उघडीच राहतात. गाडी गिअरमध्ये असल्याने चाकं मात्र क्रँक फिरवतच राहतात. पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे नवा पट्टा चढवला की काम भागतं. आपलं इंजिन कुठल्या जातीचं, हे आधीच विचारून ठेवावं.

माझी बॅटरी ‘दमदार’ का वाटली, तेही आता कळलं. व्हॉल्व्ह मिटत नसले की हवा दाबली जात नाही, म्हणून सेल्फला जोर लागत नाही. चालत्या गाडीत इंजिन एकाएकी बंद पडलं आणि सेल्फवर ते रिकाम्यासारखं भरभर फिरलं, तर पट्ट्याचाच संशय घ्यावा.

प्रियाची सवय

चावी फिरवत राहायची ही खोड आमच्यात आली कुठून? साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली ‘प्रिया’ वडिलांकडे होती. बंद पडली की ती एका अंगावर तिरकी करायची, सरळ करायची आणि किक मारत राहायचं. दहाव्या किकला नाही तर विसाव्या किकला ती बोलायची. ते टू-स्ट्रोक इंजिन. त्याला असे व्हॉल्व्हच नव्हते. पिस्टनच वरखाली होताना भिंतीतल्या खिडक्या उघडझाप करायचा. जिथे दारच नाही तिथे वाकणार काय? म्हणून चिकाटीला फळ यायचं.

अँबॅसेडर आणि पद्मिनी यांच्या पोटात पट्ट्याच्या जागी साखळी होती. दातेरी रबरी पट्ट्याची पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली गाडी म्हणजे १९६२ ची जर्मन ग्लास १००४. पट्टा हलका, स्वस्त, कमी आवाजाचा. त्याला तेलही लागत नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो आला १९८३ च्या मारुती ८०० मधून. मग १९९८ मध्ये सँट्रो आली, डिझेल इंडिका आली. पट्टा गावोगाव पोचला. नंतर अनेक नव्या इंजिनांत साखळी परतली. शेवटची ८०० सुद्धा जानेवारी २०१४ मध्ये बाहेर पडली, म्हणजे त्यातल्या सर्वांत तरुण गाडीनेही दहा वर्षं ओलांडली आहेत.

वय कुठे लिहिलंय?

साधारणपणे ६० हजार ते १ लाख किलोमीटर, किंवा ठरावीक वर्षं, यांतलं जे आधी होईल तेव्हा पट्टा बदलायचा असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. आपण किलोमीटर पाहतो आणि वर्षं विसरतो. उभ्या गाडीतलंही रबर म्हातारं होतं. सीलमधून गळणारं तेल ते फुगवतं. टेन्शनरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही जातो. म्हणून नुसता पट्टा घेऊ नये. टेन्शनर, आयडलर, सील आणि पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही, असं एकदमच बदलावं.

गाड्या पुण्यातून साताऱ्याला आणि साताऱ्यातून सांगलीला हात बदलत येतात. माझी सांगलीत नांदते, पण नंबर अजून एमएच-१२. आरसी, विमा, पीयूसी सगळं मला मिळालं. पट्टा कधी बदलला, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. अशा गाडीत पट्टा बदललेलाच नाही असं धरून चालावं.

तुटलाच तर

इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक सारखा पंप न करता एकदाच नीट दाबून डावीकडे घ्यावं. चारी इंडिकेटर लावावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करावा. सेल्फ मारू नये, आणि मदतीला आलेल्या चार जणांना धक्का स्टार्टही करू देऊ नये. गाडी न्यूट्रलमध्येच ओढावी.

गॅरेजात खुणा जुळवून पट्टा चढवतात आणि कॉम्प्रेशन तपासतात. ते नसेल तर हेड उतरतं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलतात, गाइड आणि पिस्टनचे माथे पाहतात. वेळेवर पट्टा बदलण्याच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि जुन्या गाडीत ती रक्कम कधी गाडीच्या किमतीशी बरोबरी करते. काम झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहायला सांगाव्यात. दोनच का, ते वर आलंच आहे.

माझ्या इंजिनाचे चार व्हॉल्व्ह वाकले होते. मिस्त्रींनी शेवटी पट्ट्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले. मग चावी माझ्या हातात देत म्हणाले, “आता मारा सेल्फ.”