खाकीची कुळकथा (भाग ६) : पडलेल्या झाशीत नवा पोलीस

२ जुलै १८५७ रोजी सागरचा कमिशनर मेजर अर्स्किन याने झाशीच्या राणीला एक पत्र धाडलं. नवा सुपरिंटेंडेंट येईपर्यंत जिल्हा तुम्हीच सांभाळा, सारा वसूल करा आणि लागतील तेवढे पोलीस उभे करा, असा त्यातला मजकूर. तीनच वर्षांपूर्वी याच सरकारने दत्तक नामंजूर करून याच बाईंचं राज्य खालसा केलं होतं. आता झाशीत सरकारचं म्हणावं असं कोणी शिल्लक नव्हतं. ५ जूनला बाराव्या बंगाल पलटणीने बंड केलं, कैदी सुटले, आणि ८ जूनला जोखनबागेत साठेक गोरे बायकामुलांसह मारले गेले. सुपरिंटेंडेंट स्कीन त्यातच गेला. मारणाऱ्यांच्या पुढे होता तुरुंगाचा दरोगा बख्शीश अली, म्हणजे कंपनीचाच पगारी नोकर. चार दिवसांत पोलीस, कचेरी, तुरुंग सगळं उडालं.

मागच्या भागात कॉर्नवॉलिसचा दरोगा आपण पाहिला. पगार तुटपुंजा, दरारा मोठा, वरकमाई ठरलेली. तो दरोगा अशा दिवशी कोणाच्या बाजूने उभा राहील, याचं उत्तर झाशीने दिलं होतं.

पुढचे आठ-नऊ महिने झाशीचा कारभार राणीने चालवला. त्याचा मराठी साक्षीदार म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ‘माझा प्रवास’ आपण वाचतो ते वेढ्याच्या धामधुमीसाठी, पण त्यात कारभाराचीही वर्णनं आहेत. बाई दरबारात बसतात, कज्जे ऐकतात, हुकूम लिहवून घेतात. बरवासागरकडे चोरांचा उपद्रव वाढला तेव्हा त्या स्वतः तिथे जाऊन राहिल्या आणि बंदोबस्त करूनच परतल्या. हा सुवर्णकाळ वगैरे नव्हता. शिक्षा जागच्या जागी होत, अपील नव्हतं आणि सगळं एका माणसाच्या कर्तबगारीवर चाललं होतं. पण तक्रार घेऊन आलेल्याला कोणाच्या दारात उभं राहायचं हे पक्कं ठाऊक होतं. या लेखमालेत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांची फौज घेऊन सर ह्यू रोज आला. १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोप्यांची फौज हटली, ३ तारखेला तटावर शिड्या लागल्या, दुसऱ्या रात्री राणी बाहेर पडली. मग शहरात जे झालं त्याला गोडसे ‘बिजन’ म्हणजे सरसकट कत्तल म्हणतात. लूटही टप्प्याटप्प्याने झाली: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग धान्य आणि कापडचोपड.

यानंतर न्यायाची पाळी आली. उठाव भडकल्यावर काही आठवड्यांतच कलकत्त्याच्या सरकारने घाईने कायदे केले होते. नेमलेल्या कमिशनरने बंडाच्या गुन्ह्याची जागीच चौकशी करावी, फाशीही द्यावी, अपील नाही. राणीचे वडील मोरोपंत तांबे दतियाला सापडले, त्यांना झाशीला आणून एप्रिलमध्येच फासावर चढवलं. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने माफी दिली, ब्रिटिश प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांना वगळून. म्हणजे दोर आधी, माफी मग आणि लेखी कायदा सगळ्यात शेवटी. मेकॉलेने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्येच तयार केला होता. तो वीस वर्षांहून जास्त दप्तरात पडून होता. उठावानंतर मात्र तो भराभर हलला: ऑक्टोबर १८६० मध्ये मंजुरी, १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा कायदा आणि १ जानेवारी १८६२ पासून दंडसंहितेचा अंमल.

पोलिसांचं काय करायचं हे ठरवायला ऑगस्ट १८६० मध्ये आयोग बसला. अध्यक्ष एम. एच. कोर्ट. बाकीचे सभासद बंगाल, मद्रास, पंजाब, अवध आणि पेगूचे अधिकारी. पंजाबकडून आलेला रिचर्ड टेम्पल आपल्याकडे नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. १८७७ च्या दुष्काळात मजुरांची मजुरी छाटणारा तो हाच. आयोगात एकही हिंदी माणूस नव्हता. तसा प्रश्नही कोणाला पडला नसावा.

आयोगापुढची अडचण खरं तर पैशाची होती. उठावाच्या काळात ठिकठिकाणी लष्करी पोलिसांच्या पलटणी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा खर्च खजिन्याला झेपेना. फौजेपेक्षा स्वस्त, पण वेळ पडली तर फौजेसारखं वागणारं काहीतरी हवं होतं. नमुना लंडनमध्ये होता, १८२९ चा पीलचा बिनहत्यारी पोलीस. तो घेतला नाही. घेतला आयर्लंडचा: बराकीत राहणारा, बंदूकधारी, स्वतःच्या जिल्ह्यात कधी नेमणूक न होणारा आणि सरकारशिवाय कोणालाच उत्तर न देणारा. सिंध जिंकणाऱ्या नेपियरने १८४३ नंतर त्या प्रांतात तो आधी चालवून पाहिला होता, तिथून तो मुंबई इलाख्यात आला. आयोग बसल्यापासून सातेक महिन्यांत, २२ मार्च १८६१ रोजी, त्या सालचा पाचवा कायदा, म्हणजे पोलीस कायदा, पास झाला.

हा कायदा एकदा सावकाश वाचावा. चौथ्या कलमाने जिल्ह्याचे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या एकंदर हुकमाखाली येतात. पंधरावं कलम याहून बोलकं आहे. एखादा मुलूख अशांत ठरवला की तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा. पोलिसाने लोकांपुढे हिशेब द्यावा असं कलम मात्र शोधूनही सापडत नाही.

आणि ज्या सरकारने हा पोलीस घडवला, त्याचा स्वतःचा त्याच्यावर विश्वास किती? १८५५ मध्ये मद्रासच्या आयोगाने वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणारे छळ उजेडात आणले होते. म्हणून १८६१ च्या प्रक्रियेच्या कायद्यातच लिहून टाकलं की पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तेच कलम २५ झालं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ म्हणून जसंच्या तसं आहे. माझ्या मते हिंदुस्थानच्या फौजदारी न्यायातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य. हातात दंडुका द्यायचा, पण त्या हाताखाली वदवलेलं कोर्टात ऐकायचं नाही.

झाशीत याला आणखी एक चमत्कारिक वळण मिळालं. १८६१ मध्येच इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना देऊन टाकलं. जिल्ह्याचं ठाणं तटाबाहेरच्या वस्तीत गेलं, तिचं नाव झाशी नवाबाद. पंचवीस वर्षं तटाच्या आत ग्वाल्हेर दरबारचा अंमल आणि तटाबाहेर पाचव्या कायद्याचा पोलीस. चोराने वेस ओलांडली की राज्य बदललं. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत करून इंग्रजांनी शहर पुन्हा घेतलं. आजही झाशीत कोतवाली हे एक पोलीस ठाणं आहे आणि नवाबाद हे दुसरं.

प्रशिक्षण? त्याची आठवण फार उशिरा झाली. शिपायाला कवायत यायची, कायदा यायचा तो अनुभवाने, म्हणजे बहुधा चुकीचा. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी आहे असं साफ लिहिलं आणि त्यानंतर प्रशिक्षण शाळांकडे नेटाने लक्ष गेलं. आपली नाशिकची अकादमी त्याच लाटेतली. तिकडे १९०७ पासून साम्राज्यातल्या वसाहतींच्या पोलीस अधिकाऱ्यांना डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयरिश दलाच्या तळावर शिकायला पाठवू लागले. युद्धोत्तर देशांना पोलीस ‘शिकवण्याचा’ जो आंतरराष्ट्रीय उद्योग आज दिसतो, त्याचा एक आजोबा तिथे सापडतो.

नातवंडं पाहायची तर काबूलला जावं. २००२ मध्ये मोठ्या राष्ट्रांनी अफगाणिस्तान विषयवार वाटून घेतला: पोलीस जर्मनीकडे, न्याय इटलीकडे. जर्मनांनी अकादमीत अधिकाऱ्यांना तीन वर्षं शिकवायला घेतलं. अमेरिकेला एवढा धीर नव्हता. तिच्या कंत्राटदारांनी शिपाई काही आठवड्यांत तयार करून चौक्यांवर पाठवले. इटालियनांनी २००४ मध्ये फौजदारी प्रक्रियेची अंतरिम संहिता लिहिली, तीही अफगाण वकील-न्यायाधीशांना फारसं न विचारता. टेम्पलसाहेबांना हे सगळं ओळखीचं वाटलं असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ती चौकट काही दिवसांत मोडून पडली. कोसोव्होत थोडं वेगळं घडलं. युद्धानंतर १९९९ मध्ये स्थानिक न्यायाधीशांनी सर्बियाचा कायदा चालवायला नकार दिला, आणि संयुक्त राष्ट्रांना नमतं घेऊन मार्च १९८९ मधला, स्वायत्तता जाण्याआधीचा कायदा पुन्हा लावावा लागला. व्हुश्त्रीच्या पोलीस शाळेत अल्बेनियन आणि सर्ब मुलं एकत्र शिकली. तो प्रयोगही पुरता फळला असं नाही, पण निदान कोणीतरी ‘हा कायदा आमचा नाही’ म्हणालं आणि ते ऐकलं गेलं.

आपल्याकडे हे म्हणायला १९४७ नंतरही बराच वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालात राज्यांना बजावलं की अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. प्रकाश सिंह हे स्वतः उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. त्यांच्याच राज्यात, म्हणजे झाशीतही, पोलिसांचा मूळ कायदा १८६१ चाच चालत आला आहे.

आणि तरीही आपण बाहेर शिकवायला जातो, आणि बरं शिकवतो. २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या बायकांची तुकडी लायबेरियात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ती पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. मोनरोव्हियात त्यांनी रात्रीची गस्त घातली, दंगली आवरल्या, शाळकरी मुलींना स्वसंरक्षण शिकवलं. २०१६ पर्यंत अशा तुकड्या एकामागून एक जात राहिल्या. लायबेरियाच्या मुली पोलिसात भरती होऊ लागल्या, त्याचं श्रेय तिथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सर्लीफ यांनी या बायकांना दिलं.

गंमत अशी की याच दलाचा जन्म १९३९ साली नीमचचा, संस्थानांतल्या प्रजेच्या चळवळी आवरण्यासाठी झालेला. पुढच्या आठवड्यात नीमचला जाऊ.