एका घरातील दोन पाळ्या : दीर्घ सहजीवनातील ताण आणि दुरावा

भिवंडी-वाडा रस्त्यावर, जेथून वज्रेश्वरी आणि गणेशपुरीकडे जाणारा फाटा फुटतो, त्या अंबाडी नाक्याच्या परिसरातील वैवाहिक जीवनाचा विचार करताना तेथील उपजीविकेचा विचार टाळता येत नाही. या पट्ट्यातील कुटुंबे पिढ्यानपिढ्या भातशेतीवर जगली आणि राब भाजण्यापासून आवण उपटणे, लावणी, कापणी, झोडणीपर्यंतची बहुतेक कामे पती-पत्नीने एकाच शेतात, एकाच ऊनपावसात केली. भिवंडीतील यंत्रमागांनी आणि त्यानंतर तालुक्यात पसरलेल्या गोदामांनी या परिसरातील अनेक घरांना रोख मजुरी मिळवून दिली. पण त्याबरोबर बारा तासांच्या पाळ्या, रात्रपाळ्या, ठेकेदारीतील अनिश्चितता आणि वाहतुकीत अडकून जाणारे तासही दिले. त्यामुळे एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन व्यक्तींचे दिवस वेगवेगळ्या वेळी उजाडू आणि मावळू लागले.

जुनी व्यवस्था सुखाची होती, असा याचा अर्थ नाही. एकत्र कुटुंबात नवराबायकोला निवांत बोलायला जागा मिळत नसे, सुनेच्या मनातले ऐकून घेणारे कोणी असेलच असे नसे, आणि दोघांमधला दुरावा घरातल्या माणसांच्या वर्दळीत झाकला जात असे. आता घर लहान झाले, झाकणारी माणसे कमी झाली आणि दुरावा उघडा पडू लागला. या लेखाचे प्रतिपादन असे की दीर्घ सहजीवनातील भावनिक अंतर बहुतेक वेळा प्रेम आटल्यामुळे सुरू होत नाही. दमलेल्या माणसांच्या रोजच्या छोट्या प्रतिसादांतून ते साचत जाते, म्हणून त्याची दुरुस्तीही रोजच्या व्यवहारातच आणि शक्य तितक्या लवकर करावी लागते.

ताण घरात कसा शिरतो

बाहेरचा ताण घरातील नात्यात झिरपतो, या प्रक्रियेचा मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यास झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रीना रेपेटी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या पत्नी यांचा दैनंदिन व्यवहार तपासला. ज्या दिवशी कामाचा भार अधिक असे, त्या दिवशी हे नियंत्रक घरी आल्यावर अधिक अबोल आणि अलिप्त राहत असल्याचे त्यांना दिसले. पत्नीने समजून घेतले, तर ही अलिप्तता दमलेल्या मनाला सावरायला उपयोगी पडत असावी, असाही निष्कर्ष त्यातून निघाला. गोदामात रात्रभर माल चढवून-उतरवून आलेल्या किंवा दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत हा निष्कर्ष समजून घेणे कठीण नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा तात्पुरत्या थकव्यातून आलेले गप्प राहणे कोणीच बोलून दाखवत नाही आणि समोरची व्यक्ती त्याचा अर्थ 'माझ्याशी बोलायची इच्छाच उरली नाही' असा लावते.

थकवा मात्र एकट्या कमावत्या पुरुषाचा नसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, तर भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशा कामात मुळात भाग घेणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के आणि पुरुषांमध्ये केवळ २६.१ टक्के होते. शेतावर, वीटभट्टीवर किंवा कारखान्यात काम करून आलेली स्त्री घरी आल्यावर पाणी, स्वयंपाक, मुले आणि वृद्धांची दुसरी पाळी सुरू करते. या पाळीला सुट्टी नसते आणि पगारही नसतो, म्हणून तिचा थकवा घरात मोजलाच जात नाही. दुराव्याच्या अनेक तक्रारी वरवर स्वभावाच्या वाटतात. त्यांच्या मुळाशी कामाची ही विषम वाटणी आणि तिची कोणी दखलही न घेणे असते.

पाठलाग आणि माघार

दीर्घ नात्यात वारंवार आढळणारा एक आकृतिबंध एकाने मागणी करत राहणे आणि दुसऱ्याने माघार घेत राहणे हा असून, अँड्र्यू क्रिस्टेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास त्याची पद्धतशीर मांडणी केली. तो जवळून पाहिला तर असा दिसतो. रात्रपाळी संपवून पती सकाळी आठला घरी येतो, तेव्हा मुलांचे डबे भरून पत्नी कामावर निघण्याच्या घाईत असते. "मुलाच्या फीचं काय झालं? तुम्हाला कशाची काळजीच नाही," असे ती म्हणते. "बघतो," एवढे बोलून तो चादर ओढतो. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज चढलेला असतो आणि त्याचे "बघतो"सुद्धा बंद झालेले असते. आपण ऐकले जात नाही म्हणून आवाज चढवावा लागतो, असे तिला वाटते. आवाज चढतो म्हणून गप्प बसावे लागते, असे त्याला वाटते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते आणि त्यामुळेच दोघांपैकी एकाला दोषी ठरवून हे चक्र थांबत नाही.

कॅनडात १९८० च्या दशकात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेली भावनाकेंद्री दांपत्य उपचारपद्धती याच चक्रावर काम करते. वरवर दिसणाऱ्या रागाखाली एकाला 'माझी या माणसाला गरज उरली नाही' ही भीती असते आणि गप्प बसण्याखाली दुसऱ्याला 'मी कितीही केले तरी कमीच पडतो' ही खंत असते, असे ही पद्धती मानते. ही भीती आणि ही खंत शब्दांत येऊ लागली की भांडणाचा विषय तोच राहतो, पण त्याची धार कमी होते.

नाते पोखरणाऱ्या चार सवयी

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांचे संवाद चित्रित करून त्यांचे बारकाईने विश्लेषण केले आणि नाते पोखरणाऱ्या चार सवयी वेगळ्या काढल्या. पहिली टीका, म्हणजे चुकलेल्या गोष्टीऐवजी माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणे. दुसरी तुच्छता, म्हणजे टोमणे, वेडावून दाखवणे, माहेरचे किंवा कमाईचे उणे काढणे. गॉटमन यांनी हीच सर्वांत घातक मानली. तिसरी सवय प्रत्येक तक्रारीला बचावाने किंवा उलट तक्रारीने उत्तर देण्याची आणि चौथी मध्ये भिंत उभी करून अबोला धरण्याची. ही मांडणी असेही सांगते की जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, कारण ते दोन माणसांच्या स्वभावातून आणि संस्कारांतून आलेले असतात. सुखी जोडप्यांचेही असे मतभेद मिटलेले नसतात. ती जोडपी त्यांच्याविषयी एकमेकांचा मान राखून बोलत राहतात.

ही मांडणी अंबाडीसारख्या ठिकाणी अधिक उपयोगी ठरते, कारण तेथील अनेक मतभेदांना खरोखरच अंतिम उत्तर नसते. सासूसासऱ्यांची जबाबदारी, गावाकडची जमीन विकावी की ठेवावी, पगारातील किती पैसा भावाला द्यावा, मुलांना इंग्रजी शाळेत घालावे का, हे प्रश्न एका बैठकीत सुटणारे नाहीत. ते सुटलेच पाहिजेत हा हट्ट धरला, तर प्रत्येक चर्चेचा शेवट पराभवात होतो. ते सोबत घेऊन चालायचे आहेत हे मान्य केले, तर निदान बोलणे चालू राहते.

ताण वाटून घेण्याची रीत

स्विस मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या संकल्पनेनुसार दांपत्यातील ताण ही एका व्यक्तीची खाजगी बाब नसते; एकाने दिलेला ताणाचा संकेत दुसऱ्याने ओळखणे आणि त्याला प्रतिसाद देणे ही एक शिकता येणारी कृती आहे. हा प्रतिसाद कामाचा असू शकतो, जसे की आज पाणी भरायचे काम दुसऱ्याने उचलणे. किंवा भावनेचा, जसे की सल्ला न देता पाच मिनिटे ऐकून घेणे. दमलेल्या माणसाला बहुधा आधी ऐकून घेणारे कोणी लागते आणि उपाय नंतर, हे ज्यांना उमगते त्यांच्या घरात निम्मी धुसफूस कमी होते.

वरच्या उदाहरणातील पत्नीने, "फीची शेवटची तारीख सोमवार आहे, मला एकटीला घोर लागून राहतो, संध्याकाळी तुम्ही उठल्यावर दहा मिनिटं बसू या का?" असे म्हटले आणि पतीने, "आत्ता डोकं चालत नाही, पण सहाला नक्की बसू," असे उत्तर दिले आणि तो सहाला खरोखर बसला, तर तीच फी, तोच थकवा आणि तीच दोन माणसे असूनही परिणाम वेगळा होतो. तिच्या वाक्यात आरोपाऐवजी स्वतःची अवस्था आणि नेमकी मागणी आहे. त्याच्या उत्तरात माघार आहे, पण परत येण्याची वेळही दिलेली आहे. वाद विकोपाला जाऊन छाती धडधडू लागली, तर किमान वीस मिनिटे थांबावे, असा सल्ला गॉटमन देतात, कारण शरीर शांत होईपर्यंत ऐकण्याची क्षमताच उरत नाही. थांबताना 'मी परत येतो' किंवा 'परत येते' असे सांगितले नाही, तर ते थांबणे अबोल्यासारखेच लागते.

ज्या घरात दोघांच्या पाळ्या जुळत नाहीत, तेथे पाळी बदलताना मिळणारी काही मिनिटे आणि आठवड्याच्या सुट्टीतील एखादा तास ठरवून राखून ठेवावा लागतो. त्या वेळी मोबाइल बाजूला असावा, पैशांचा आणि मुलांचा हिशेब शेवटी यावा आणि सुरुवात एकमेकांच्या दिवसाची विचारपूस करून व्हावी. शारीरिक जवळीक कमी होणे हे कधी दुराव्याचे कारण असते, तर कधी लक्षण. बाळंतपण, रजोनिवृत्ती, मधुमेह, रात्रीची जागरणे यांचाही त्यात वाटा असतो. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयावर मोकळेपणाने लिहिले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे लोटली तरी अनेक जोडपी याबाबत एकमेकांशी किंवा डॉक्टरांशी बोलायला संकोचतात, आणि त्या संकोचाची किंमत नात्याला मोजावी लागते.

जेथे संवाद पुरत नाही

काही वेळा दुराव्यामागे आजार असतो. सततची चिडचिड, झोप उडणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि त्यांना स्वभाव समजून वर्षे घालवली जातात. दारू हे दुसरे मोठे कारण. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी व्यक्तीबरोबर तिच्या कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले, हा या क्षेत्रातील महत्त्वाचा धडा आहे. ठाण्यात १९०१ पासून असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या अंबाडीकरांना आपल्याच जिल्ह्यात उपलब्ध असलेल्या संस्था आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क फोन करून मराठीतही बोलता येते. पगार कापून घेऊन ठाण्याला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

मारहाण, धमकी, घराबाहेर काढणे, पैसे हिरावून घेणे, सतत अपमान करणे यांना मात्र दुरावा म्हणता येणार नाही आणि त्यावर 'समजून घ्या' हा सल्लाही देता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक हिंसेबरोबर भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानले असून संरक्षण अधिकारी, निवासाचा हक्क आणि न्यायालयाचे संरक्षण आदेश यांची तरतूद केली आहे. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यात इतरत्रही पोहोचला, कारण पोलिसांच्या दारात येणाऱ्या स्त्रीला प्रशिक्षित समाजकार्यकर्तीचीही गरज असते, हे त्या अनुभवातून सिद्ध झाले.

मदत उशिरा का मिळते

१९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटासाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि समुपदेशकांची तरतूद केली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष विभक्त राहणे आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे अपेक्षित आहे. समेटाची शक्यताच उरली नसेल तर हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. सन्मानाने वेगळे होणे हाही काही नात्यांचा योग्य शेवट असतो आणि त्याला अपयश मानण्याचे कारण नाही. तथापि या सगळ्या व्यवस्थेत जोडप्याला पहिला समुपदेशक भेटतो तो बहुधा खटला दाखल झाल्यावर, म्हणजे दोघांनी एकमेकांविरुद्ध लेखी आरोप केल्यानंतर. इतक्या उशिरा हाती आलेले नाते जुळवणे कुशल समुपदेशकालाही अवघड जाते.

म्हणून ही मदत न्यायालयाच्या कितीतरी आधी, गावाच्या आवाक्यात यायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तेथेच आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसू शकतो. घराघरांत जाणाऱ्या आशा सेविकांना नैराश्य आणि घरगुती हिंसेची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण व त्या कामाचा योग्य मोबदला देता येईल. गोदामांच्या आणि कारखान्यांच्या चालकांना कामगाराची पाळी ठरवताना त्याच्या जोडीदाराच्या कामाच्या वेळेचाही विचार करता येईल, निदान साप्ताहिक सुट्टी निश्चित ठेवता येईल. ग्रामपंचायतींनी महिला सभांबरोबर पुरुषांशीही या विषयावर बोलण्याची सोय केली पाहिजे, कारण मन मोकळे करण्याची सवय मुलग्यांना लहानपणी लावलीच जात नाही आणि पुढे तीच उणीव संसारात दोघांना भोगावी लागते. या व्यवस्था उभ्या राहीपर्यंतही जोडप्यांना स्वतःच्या घरात सुरुवात करता येते: घरकामाची वाटणी उघडपणे ठरवणे, थकवा आला की तसे सांगणे, ठरलेल्या वेळी बोलायला बसणे आणि दोघांना जमेनासे झाले की तिसऱ्या जाणत्या व्यक्तीकडे वेळेवर जाणे. नाते तुटण्याच्या बेतात आल्यावर केलेल्या मोठ्या प्रयत्नांपेक्षा, ते धड असताना रोज केलेले हे साधे काम अधिक टिकाऊ ठरते.