पाणी अडवणारे संन्यासी

दारव्ह्याच्या काळ्या वावरात मृगाचा पहिला पाऊस कुठे जातो, हे बघत उभं राहावं. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी सरळ त्यांत उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढच्या जोरदार सरींना आत शिरायला फारशी वाटच उरत नाही. धुरा ओलांडून पाणी नाल्याला लागतं, जाताना वरची कसदार माती घेऊन जातं. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, त्याचं एक कारण हे.

आणि या वाहून जाणाऱ्या पाण्याशी कॅथलिक संन्याशांचा संबंध आहे!

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने संन्यासी संघांच्या नूतनीकरणाचा आदेश काढला. संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा आणि बदललेल्या काळाशी जुळवून घ्या, अशी त्याची दुहेरी मागणी. त्यात पेहरावावरही कलम आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: संन्याशाने उभं कुठे राहायचं? येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) 32व्या महासभेने 1974-75 मध्ये त्याचं उत्तर दिलं. श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणं आलंच, असं तिने ठरवलं.

अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मात्र एक स्विस येशूसंघी या ठरावांची वाट बघत बसले नव्हते. फादर हर्मन बाखर 1948 मध्ये भारतात आले. नगरच्या सोशल सेंटरमधून ते शेतकऱ्यांबरोबर काम करू लागले आणि दुष्काळांनी त्यांना पाण्याकडे वळवलं. पुढे जर्मनीचा निधी, नाबार्डची यंत्रणा आणि गावांचं श्रमदान यांची मोट बांधून पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. 1993 मध्ये ‘वॉटर’ ही संस्था त्यांच्याच पुढाकाराने निघाली. बाखर 2021 मध्ये गेले.

त्यातलं तंत्र मोहात पाडणारं आहे. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, उलटं नाही. वरचं पाणी आवरलं नाही तर खालचा बांध पहिल्याच पुरात फुटतो. डोंगरउतारावर एकाच पातळीत चर खणायचे. ती पातळी शोधायला इंग्रजी ‘ए’च्या आकाराची लाकडी चौकट पुरते: मधोमध दोरीला दगड टांगायचा, दोरी आडव्या पट्टीवरच्या खुणेशी आली की दोन्ही पाय समपातळीत. शाळेत न गेलेली बाईही या चौकटीने अख्खी टेकडी आखू शकते. चरात साठलेलं पाणी हळूहळू मुरमात झिरपतं आणि पुढे खालच्या विहिरीत उतरतं.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 ते 2001 हे काम झालं. तिथला पाऊस यवतमाळच्या जेमतेम निम्मा. पूर्वी शेतात तीन-चार महिने मजुरी मिळायची, ती नऊ-दहा महिने मिळू लागली.

यात बाखर धर्मांतर मागत नव्हते, जमीनही नाही. गावाने ग्रामसभेत ठरवायचं, समिती निवडायची, घाम गाळायचा. मिशनचं केंद्र चर्चच्या आवारातून गावाच्या पारावर सरकलं, ही मला त्या नूतनीकरणातली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते. घरसंसार नसलेल्या माणसाला एकाच प्रश्नापाशी पन्नास वर्षं थांबता येतं, हा ब्रह्मचर्याच्या व्रताचा फायदा रोममधल्या किती जणांच्या ध्यानात आला असेल कोण जाणे.

पण सगळं गोड नव्हतं. या कामासाठी डोंगरावर घातलेल्या चराईबंदीचा फटका बसला तो मेंढपाळांना. दरेवाडीतही त्यांचा विरोध झाला. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला पाण्याचा लाभ, ज्याच्याकडे फक्त मेंढरं आहेत त्याच्या वाट्याला आधी बंदीच.

दारव्हा अमरावती धर्मप्रांतात येतं. इथे कोणी फादर, सिस्टर किंवा साधा सरपंच हे काम हाती घेईल, तर त्याला कापूस-तुरीच्या वावरात चर मारून भागणार नाही. आधी टेकडीच्या माथ्यावर चढावं लागेल आणि तिथे चरणाऱ्या बकऱ्यांच्या मालकाशी बसून बोलावं लागेल.