चंबळेतली उन्हाळ्यापुरती बेटं

ग्वाल्हेरहून आग्र्याला जाताना मुरैना मागे पडलं की गाडी चंबळ ओलांडते. उन्हाळ्यात पात्र आटतं, मधोमध वाळूची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर पाणचिरा, म्हणजेच इंडियन स्किमर, अंडी घालतो. जगभरात या पक्ष्याचे प्रौढ उरलेत तीन हजारांच्या आत.

त्याची चोच पाहा! नारिंगी, आणि खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पाण्याला लागून उडताना तो हा खालचा भाग पाण्यात बुडवून ओढत नेतो. मासा लागला की चोच झटकन मिटते. पिल्लू मात्र जन्मतं ते वर-खाली सारख्याच लांबीच्या चोचीनिशी, कारण अजून त्याला वाळूवर पडलेलं खाणं टिपायचं असतं. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा. मे महिन्यात ही वाळू अशी तापते की अंडी उबवण्यापेक्षा ती भाजू न देणं कठीण. मग पक्षी नदीवर जातो, पोट भिजवतो आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसतो.

शत्रूपासून त्याला राखतं ते भोवतीचं पाणी. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर जहाजांतून आलेले उंदीर पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत. ते संपवल्याचं 2018 साली जाहीर झालं, आणि आता तिथे समुद्रच पहारा देतो. चंबळेत पहाराच आटतो. धार गुडघ्याखाली गेली की बेट काठाला जोडलं जातं आणि माणसाच्या वस्तीवर पोसलेले भटके कुत्रे चालत येतात. कोल्हेही येतात. एका रात्रीत अख्खी वसाहत उद्ध्वस्त होऊ शकते.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परवीन शेख यांनी यावर काठच्या गावकऱ्यांनाच राखणदार केलं. 2017 मध्ये चंबळेवर सुमारे 400 पाणचिरे होते, ते हजाराच्या घरात गेले. या कामासाठी 2025 चा व्हिटली पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो अगदी योग्य हाती गेला असं मला वाटतं.

राखणदार कुत्रा हाकलू शकतो, पाणी वाढवू शकत नाही. ते गांधीसागरपासून कोटा बराजपर्यंतच्या धरणांच्या हाती. कालव्यांना वळवलं की बेटं काठाला जोडली जातात, एकदम सोडलं की अंडी वाहून जातात. विणीच्या महिन्यांत नदीत किती पाणी राहील, हे सिंचनाच्या वेळापत्रकातच ठरवायला हवं.